आधी मढं व्हायचं

हिराक्का मेली असं मला पहिल्यांदा वाटलं, तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि माझ्या हातात दुधाची पिशवी होती.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत आम्ही आदल्याच दिवशी राहायला आलो होतो. समोरच्या घराच्या पायरीवर एक म्हातारी गुडघे टेकून पुढं वाकलेली. पुढ्यात गवंड्याचं लोखंडी घमेलं, त्यात काठोकाठ पाणी, आणि त्या पाण्यात तिचं तोंड. पार कानापर्यंत. पांढरी वेणी पाण्यावर तरंगतेय, हात दोन्ही बाजूंना सैल सुटलेत, हालचाल म्हणून नाही. मी "अगं बाई!" म्हणून पिशवी टाकली, धावत जाऊन तिचे खांदे धरले आणि जीव खाऊन मागं ओढलं. म्हातारीनं डोळे उघडले. तोंडावरनं पाणी गळतंय, आणि ती माझ्याकडं बघत म्हणाली, "एकशे चाळीसपातूर आलतो की! घालवलीस सगळं. कोण गं तू भवाने?"

अर्धा लिटर दूध गटारात, वर भवानी. अशी आमची ओळख झाली.

गल्लीतल्या एकानंही मान वळवून बघितलं नव्हतं हो. पेपरवाला तर तिच्या डोक्यावरनं पेपर भिरकावून निघून गेला. पुढं कळलं, ती रोज असा दम कोंडून आकडे मोजते, आणि मलाही सवय झाली. रोज सकाळी दार उघडायचं, समोर हिराक्का मेलेली बघायची आणि चहाला आधण ठेवायचं.

'एकशे चाळीसपातूर आलतो' हे वाचून पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये. आमच्या कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो, मी भाकरी थापलो' असंच बोलतात. मी शाळेत शिक्षिका, पहिलीचा वर्ग, म्हणून मी प्रयत्नपूर्वक 'आले-गेले' म्हणते. राग आला की माझंही 'आलो' होतं, आणि राग मला दिवसातनं चारदा येतो.

तर हिराक्का. वय सहासष्ट. अंगानं वाळकी, रंगानं काळी, आणि चालताना पायांचा आवाज अजिबात नाही. तुम्ही भाजी निवडत असायचा आणि एकदम कानाशी, "मेथी कुठली?" दचकून हातातली जुडी उडायची. वडील नदीवर नाव चालवायचे, त्यामुळं चालायच्या आधी ही पोहायला शिकली. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल नाही. आता कामं दोन. शहराबाहेर चुलतभावाच्या उसाच्या रानात एक जुनी विहीर आहे, तिथं ती बायकांना आणि पोरींना पोहायला शिकवायची. हे पहिलं काम. दुसरं काम गल्लीतल्या बायकांनी मला सांगितलं ते आवाज खाली आणून, दार लोटून.

आसपासच्या गावांत कुठं बाईमाणूस बुडालं, की हिराक्काला बोलावणं येतं. बाईला बाईनंच हात लावावा, असं घरच्यांना वाटतं. मग कुणीतरी जीप नाहीतर मोटारसायकल घेऊन येतं, हिराक्का मागं बसून जाते, खाली उतरते, घेऊन येते. चाळीस वर्षं झाली. बदल्यात घेते एक कप चहा. बाकी काय देऊ केलं तर अंगावर धावून जाते.

तिच्याकडं साधा बटणांचा फोन आहे. तो वाजला की गल्ली गप्प होते. मिक्सर बंद होतात, भांडणारे मध्येच थांबतात. तिचा आवाज येतो, "कुठं? ... खाली कोण हाय?" ती 'मेली' म्हणत नाही, 'बुडाली' म्हणत नाही. 'खाली हाय' म्हणते, जसं कुणी तळमजल्यावर राहतंय. फोन ठेवून ती कमरेला पदर खोचते आणि निघते. ती कोपऱ्यावरनं वळेपर्यंत गल्लीत कुणी शिंकतसुद्धा नाही.

अशा बाईला लग्नाकार्याला बोलवायची कुणाची छाती नाही. बुंदीचा डबा मात्र नेमानं घरपोच जातो, आणि तो देणारा उंबऱ्याबाहेरनं हात लांब करून देतो. यात दोष सगळाच गल्लीचा नाही. एका हळदीकुंकवाला ती गेली, आणि नव्या नवरीचं मनगट धरून तिला विचारलं, "पोरी, दम किती हाय तुझा?" पोरगी रडायला लागली. नवीन घर बघायला गेली की माणसं फरशी बघतात, ही पाण्याची टाकी उघडून आत वाकते. "पुरुषभर हाय," म्हणते, आणि घरमालकाकडं असं बघते की त्याला वास्तुशांत परत करावीशी वाटते.

आता मी तिच्या तावडीत कशी सापडले ते सांगते. माझे गुडघे. डॉक्टर म्हणाले, पोहा. तरण तलावातली बायकांची बॅच भरलेली. 'एकवीस दिवसांत पोहायला शिका' असा फलक होता, मी नाव लिहून आले, नंबर लागेना. मग सत्तेचाळीसाव्या वर्षी, देवाचं नाव घेऊन, समोरची पायरी चढले.

हिराक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सरळच सांगितलं, "बाई, मी पोहायला शिकवत न्हाय. पोहणं आपसूक येतंय. माझ्या जागंवर मला एक बाई पाहिजे, ती मी हुडकतो. शिकायला येतील त्यातनंच मिळंल. माझ्यामागं ह्या बायकांना कोण काढणार? बापे गळ टाकून वडतील."

मी एक पायरी खाली उतरले. म्हटलं, "आक्का, मी फक्त गुडघ्यांसाठी आलेय हं. आधीच सांगते."

"गुडघं बी येऊद्यात की संगं," ती म्हणाली.

पहिला महिना घमेलं. पाणी बघायलासुद्धा मिळालं नाही विहिरीचं. घरी रोज सकाळ-संध्याकाळ घमेल्यात तोंड घालायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि मनात आकडे म्हणायचे. माझी पहिली मजल बारा. बाराला मी फुर्र करून बाहेर, नाकात पाणी, डोळ्यांत पाणी, अंगणभर पाणी. आमचे हे कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले. म्हणाले, "काय गं, म्हशीसारखी काय करालीस?" त्या दिवशी त्यांना दुपारी फोडणीशिवाय आमटी मिळाली. एकदा कुरिअरचा माणूस आला, त्यानं मला तशी बघितली आणि पाकीट टाकून आल्या पावली पळाला. सहीसुद्धा घेतली नाही.

बारावरनं पंधरा, पंधरावरनं वीस. महिन्यानं चाळीस झाले तेव्हा मी पेढे घेऊन गेले. हिराक्कानं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "साठ झालं की या."

माझा पारा चढला. "आक्का, तिकडं तलावात एकवीस दिवसांत बायका पार पलीकडं जातात! मी महिनाभर घमेल्यातच हाय!"

"बाई, पयलीच्या पोरांना तुम्ही पयल्या दिवशी धडा लिवाय लावता?"

"नाही. दोन महिने उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल."

"मग?"

मग काय. मी घरी येऊन तोंड घमेल्यात घातलं. वर्षानुवर्षं पालकांना हेच ऐकवत आले होते, की हात वळल्याशिवाय अक्षर नाही. पण स्वतःवर वेळ आली की माणूस पालकच होतं.

साठ झाले आणि विहिरीवर गेले. ती विहीर काय वर्णावी. चहूबाजूंना पुरुषभर उंच ऊस, मध्ये चौकोनी दगडी तोंड, आत उतरायला शेवाळलेल्या पायऱ्या आणि खाली काळंभोर पाणी. वरती ऊस सळसळायचा आणि पायऱ्या उतराव्यात तसा तो आवाज बंद व्हायचा, जणू कुणी दार लावून घेतलं. हिराक्का पाण्यात शिरताना आवाज होत नाही. बघता बघता ती कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत, मग उताणी. साडीचोळीसकट. डोळे टक्क उघडे, तोंड किंचित उघडं, हात पसरलेले. पापणी लवत नाही. एक खंड्या पक्षी आला आणि खुशाल तिच्या पोटावर बसला. मी पायरीवर उभी राहून मनात रामरक्षा म्हणायला लागले.

पाण्यातनंच आवाज आला. ओठ हलल्यासारखे वाटले नाहीत. "ह्याला मढं म्हणत्यात. आधी मढं व्हायचं. मग बाकीचं."

हे तिचं सगळं शास्त्र. "जितं माणूस बुडतंय, मेलेलं तरंगतंय. का? जितं हातपाय मारतंय, मेलेलं गप पडतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपसूक वर. मढ्याकडनं शिकायचं." आमचे हे विज्ञानाचे पदवीधर, त्यांनी मला वायू, घनता वगैरे समजावलं. मी ते हिराक्काला सांगितलं. ती म्हणाली, "असंल. पण तुमचं मालक तरंगत्यात का?" यांना पोहता येत नाही. विषय संपला.

आणखी एक नियम. जमिनीवर ती मला 'बाई, तुम्ही' म्हणायची. पाण्यात उतरलं की 'ए मढ्या, तू'. "पाण्यात सगळी एका वयाची," म्हणायची. कपडेही रोजचेच घालायचे, पोहण्याचा पोशाख चालायचा नाही. "बुडताना कोण कापडं बदलून येत न्हाय." त्या वर्षी आम्ही सातजणी होतो. मी, दोन नव्या सुना, आणि चार शाळकरी पोरी. रविवारी सकाळी सातजणी साडी-पंजाबी ड्रेसमध्ये उताण्या पडल्यात आणि मध्ये हिराक्का आवाज न करता फिरतेय, एकेकीच्या मानेखाली बोट लावतेय, पुटपुटतेय, "मान सोड... जीव सोड... हां." एकदा शेजारच्या रानातला गडी पाणी बघायला आला, खाली वाकला, आणि बोंब मारून जो गेला तो चार दिवस तापानं पडून होता.

मला मात्र मढं होता येईना. पाठ टेकली की पाय खाली, पाय खाली की मी हिराक्काच्या गळ्यात. दोन महिने गेले. "लई जगायची हौस हाय तुला," ती म्हणायची, आणि परत पहिल्यापासनं. मानेखाली बोट, मान सोड, जीव सोड.

आमच्यातली खरी हुशार होती ऋतुजा, आमच्या गल्लीतल्या शालन वहिनींची पोरगी. बारा वर्षांची. वाळकी, धीट. हिराक्का तिच्याकडं बघायची ते वेगळ्याच नजरेनं. मला एकदा हळूच म्हणाली, "हिच्यात दम हाय. हिला मोठी हुईस्तवर मी शिकवतो. मिळाली बाई मला माझ्या जागंवर." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मला पोरीची भीतीच वाटली.

आणि मग तो रविवार आला.

त्या दिवशी ऋतुजा पाच मिनिटं सलग तरंगली, अंगाचा एक स्नायू न हलवता. हिराक्काला इतका आनंद झाला की ती ओल्या अंगानं पायऱ्या चढून वर गेली, पिशवीतनं फोन काढला आणि पोरीच्या आईला लावला. मी खालून ऐकत होते. "शालन? मी हिराक्का. विहिरीवरनं बोलतो. अगं, पोरगी मढं झाली बघ तुझी! पाच मिनिटं!"

आणि फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा. रविवारची सकाळ, फोन हिराक्काचा, आवाज हिराक्काचा, आणि वाक्य हे.

अर्ध्या तासात उसातनं आरडाओरडा ऐकू आला. अख्खी गल्ली आली होती. टेम्पो भरून आली होती. शालन वहिनींना दोघींनी धरलेलं, त्यांचे मोकळे केस, अनवाणी पाय. मागं ऋतुजाचे वडील, ते तर दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत. आणि सगळ्यांत मागं शंकरमामा. गल्लीत कुणी गेलं की पुढचं सगळं शंकरमामा बघतात, ते निघतानाच बांबू आणि सुतळी टेम्पोत टाकून आले होते. ऋतुजा विहिरीच्या कठड्यावर बसून शेंगा खात होती. एवढी माणसं बघून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काय झालं? कोण मेलं?"

शालन वहिनींनी आधी तिच्या मुस्काटात दिली. मग कवटाळलं. मग परत एक दिली. मग हिराक्काकडं वळल्या.

त्या काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. चुकीचं एकही नव्हतं, आणि बरोबरही नव्हतं. "मढ्यांत राहून मढं झालीस तू! आमच्या जित्या लेकरांना हात लावू नको!" हे शेवटचं. हिराक्का ओल्या लुगड्यात उभी. पाणी टिपकतंय. तिला काही कळेचना. "मी चांगलंच सांगितलो की," ती म्हणत राहिली. "शालन, मी चांगलंच सांगितलो की गं."

पुढच्या रविवारी सातजणींतली विहिरीवर फक्त मी होते.

खरं सांगते, यात प्रेम वगैरे काही नव्हतं. आमचे हे म्हणाले होते, "आता तू जाणार नाहीस." झालं! माझ्याशी असं बोलल्यावर मी जायलाच पाहिजे होतं. "जाणार न्हाय म्हणजे? मी जातो!" म्हणून मी स्कूटरला किक मारली, बटणावर चालू होणारी स्कूटर असूनसुद्धा.

हिराक्का पायरीवर बसली होती, पाय पाण्यात. मला बघून उठली नाही. "गेली माझी पोरगी," म्हणाली. "आता कोण गं, बाई? माझं वय झालं." मी म्हटलं, "आक्का, मी गुडघ्यांसाठी—" "व्हय व्हय, ठावं हाय," ती म्हणाली आणि पाण्यात शिरली. मला त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली आणि तिचा रागही आला. मला का म्हणून अपराधी वाटावं?

थंडीत तिला खोकला लागला. सकाळी घमेल्यातनं ती लवकर वर यायला लागली. एकशे चाळीसचे शंभर झाले, शंभरचे सत्तर. मी खिडकीतनं आकडे म्हणायची, तिच्याबरोबर, आपसूकच. ती खोकत वर आली की माझ्या हातातला चहा गार झालेला असायचा.

आणि एका रविवारी मला जमलं. काही वेगळं केलं नाही. त्याच विहिरीत, तेच बोट मानेखाली, आणि मग लक्षात आलं की बोट कधीचंच निघून गेलंय. कान पाण्यात, त्यामुळं जगात आवाजच नव्हता. वर आभाळाचा चौकोन आणि त्याच्या कडांना उसाचे तुरे. माझे हात कुठं संपतात आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. छान वाटत होतं आणि भयंकर वाटत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाण्यातल्या पायरीवर पाय टेकून उभी राहिले तर हिराक्का वर बसून बघत होती.

"झालं का, आक्का?"

"झालं."

"मग म्हणा की! काय झाले मी?"

"त्ये आता म्हणत न्हाय मी," ती म्हणाली. "लोक धावत येत्यात."

मी हसले. ती हसली नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, शनिवारी, माझी सकाळची शाळा सुटली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच हिराक्का उभी दिसली. कमरेला पदर खोचलेला. वडगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरनं फोन आला होता. न्यायला येणारी जीप वाटेत बंद पडलेली, आणि तिला घेऊन जायला एकही रिक्षावाला तयार नव्हता. "बाई, सोडता का?" एवढंच म्हणाली. दुपारच्या उन्हात आम्ही निघालो. वाटेत ती माझ्या पाठीवर खोकत होती, तो खोकला माझ्या बरगड्यांना जाणवत होता. मी मनात ठरवलं होतं, काठावर उभं राहायचं, आत वाकून बघायचंसुद्धा नाही.

विहिरीभोवती माणसंच माणसं. तीस वर्षांची बाई, म्हशीला वैरण कापताना काठावरनं पाय घसरला होता. दोन लहान लेकरं शेजारच्या घरात कोंडून ठेवली होती, त्यांचा रडण्याचा आवाज येत होता. दोन बापे लोखंडी गळ दोरीला बांधून उभे होते, आणि त्यांच्या पुढ्यात विहिरीच्या तोंडाशी एक म्हातारी मांडी घालून बसलेली. तिची सासू. "माझ्या सुनंला गळ लावू देणार न्हाय," एवढंच ती परत परत म्हणत होती. पोलीस पाटलांनी समजावलं, दिरानं समजावलं. ती हलली नव्हती. हिराक्काला बघून ती बाजूला सरकली.

हिराक्कानं पाण्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "बाई, संगं ये."

"मी? आक्का, मला बुडी मारता येत नाही. मला हातसुद्धा मारता येत नाहीत धड!"

"तुला काय करायचं न्हाय. नुसती वर पडून ऱ्हा, मढं हो. मी वर आल्यावर मला धरायला कायतर पाहिजे. आज दमाचा भरवसा न्हाय."

सासू माझ्याकडं बघत होती. मी पर्स तिच्याजवळ ठेवली आणि उतरले. शाळेची साडी, पदराला पिन तशीच. पाणी बर्फासारखं. हिराक्कानं दोरीचं टोक घेतलं आणि आवाज न करता खाली गेली. मी पाठ टेकली, मान सोडली. वर चहूबाजूंनी वाकलेली तोंडं दिसत होती, त्यांचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. खाली, माझ्या पाठीखाली, दोन बायका होत्या. हे मनात आलं आणि अंगातलं सगळं रक्त पायांकडं गेलं. पाय खाली जायला लागले. मी स्वतःलाच म्हटलं, मान सोड. जीव सोड. पाय परत वर आले.

सत्तर आकडे म्हणून झाले. ऐंशी. नव्वद. मग माझ्या खांद्याला कुणीतरी धरलं, आणि मी ओरडले नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. हिराक्का होती. तोंड निळं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. वरनं बाप्यांनी विचारलं, "वडू का?" तिनं मान हलवली, नाही नाही म्हणून, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "कमरंला दोरी बांधून आणलीया, हातभर खाली हाय. पदर सुटलाय. लुगडं सुटलंय. तसंच वर न्हेऊ देऊ नको. माझा दम पुरंना गं."

"वडू का?" परत वरनं.

"थांबा!" मी ओरडले. पहिलीचा वर्ग गप्प करायचा आवाज. विहीर दुमदुमली आणि सगळे गप्प झाले.

मी कूस बदलली, श्वास भरला, तोंड पाण्यात घातलं आणि डोळे उघडले. ती होती. केस पसरलेले, डोळे अर्धे मिटलेले, मनगटावर केसांचा रबर अडकवलेला, आपण काम करताना अडकवतो तसा. मला भीती वाटली. खूप वाटली. पण त्या रबराकडं बघितलं आणि वाटलं, हिचं वैरणीचं काम अर्धंच राहिलंय. पदर धरून खांद्यावरनं आणला, पुढनं घेतला, कमरेपाशी दोरी होती तिच्यात खोचला. श्वास संपला, वर आले, परत भरला. दुसऱ्यांदा निऱ्या गोळा करून पायांशी नीट केल्या. तिसऱ्यांदा पदर डोक्यावरनं घेतला. मग वर तोंड काढून म्हटलं, "आता ओढा. हळू."

वर नेल्यावर सासू जवळ आली. सुनेच्या पदरावरनं हात फिरवला, काठ सरळ केला. "नीट हाय," म्हणाली. "नीट हाय माझी पोर." आणि मग मोठ्यानं रडली.

आम्ही दोघी लांब बांधावर, एका बाभळीखाली बसलो होतो. कुणीतरी चहा आणून दिला. हिराक्का लुगड्याचा सोगा पिळत होती, पिळून झाला तरी पिळत होती. माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"माझी आय अशीच आडात पडलती. बा नाव घेऊन पल्याड गेलता. चार बाप्यांनी काढली. लुगडं खालीच ऱ्हायलं. सगळं गाव काठावर. मी नऊ वर्षांची हुतो. माझा परकर काढलो आणि टाकलो तिच्या अंगावर." तिनं सोगा परत पिळला. "पुरला न्हाय गं."

चाळीस वर्षं ही बाई खाली जाऊन, दम कोंडून, आधी प्रत्येकीचा पदर नीट करते आणि मगच वर आणते. कुणालाही न सांगता. त्यासाठी तो रोजचा दम. आणि आम्ही तिला बुंदीचा डबा उंबऱ्याबाहेरनं देत होतो. मला ढसाढसा रडू आलं. सव्वीस वर्षं शाळेत शिकवतेय, वाढदिवस असो, शोकसभा असो, उभी राहून बोलू शकते. त्या बांधावर तोंडातनं एवढंच निघालं, "आक्का, मला अजून बुडी मारता येत न्हाय."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"येईल की," म्हणाली. "आधी दम वाढव. घाई काय हाय?"

घाई होती. तिच्या ओठांचा निळेपणा अजून गेला नव्हता, आणि चहाचा कप तिला एका हातानं धरवत नव्हता. मी तो खालून धरला, आणि ती प्यायली.